कर्ण, विकर्ण वगैरे मंडळी

हर भिन्न का हर भिन्न है.

हे वाक्य वेदान्तातलं नाही. रायपूरच्या हिंदी माध्यमातल्या सहावीच्या कुठल्याही पोराला ते कळतं. पहिला 'हर' म्हणजे प्रत्येक, पहिलं 'भिन्न' म्हणजे अपूर्णांक, दुसरा 'हर' म्हणजे छेद आणि दुसरं 'भिन्न' म्हणजे वेगळं. प्रत्येक अपूर्णांकाचा छेद वेगळा आहे, एवढाच निरोप. पण नातू हे मोठ्यानं घोकत असताना शेजारच्या खोलीतल्या मराठी आजीच्या कानावर पडलं, तर नातू शंकराचं काहीतरी म्हणतोय अशी तिची समजूत होते आणि ती बसल्या जागेवरून हात जोडते. नातवाच्या सहामाहीच्या दृष्टीनं तेही वाया जात नाही.

गणितात संदिग्धतेला जागा नसते, असं आम्हाला लहानपणापासून सांगण्यात आलं. सांगणारे बहुधा भाषेचे शिक्षक असत. गणिताचे शिक्षक असलं धाडसी विधान करत नाहीत. ते फळ्यावर काहीतरी लिहितात आणि 'समजून घ्या' म्हणतात. गणिताचा सगळा डोलारा गृहीतकांवर उभा आहे असं म्हणतात. माझ्या मते तो या 'समजून घ्या'वर उभा आहे. समजून घेणारा समोर बसलेला आहे तोवर सगळं ठीक चालतं. तो दुसऱ्या राज्यातला निघाला, की पंचाईत.

रायपूरच्या मराठी घरांत ही पंचाईत जेवणाच्या टेबलावरच वाढलेली असते. कोणी भोसल्यांच्या काळात आलेलं, कोणी मध्य प्रांताच्या सरकारी नोकरीत, कोणी रेल्वेबरोबर. तात्यापाऱ्यापासून चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळापर्यंत आमची वस्ती पसरली. घरात मराठी, शाळेत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी आणि आता ट्यूशनला इंग्रजी. चार भाषांत मिळून एकच गणित करायचं. आजोबा नागपूरला मराठीतून शिकलेले, नातू इथे हिंदीतून. दोघं एकच उदाहरण सोडवायला बसतात आणि अर्ध्या तासानं स्वयंपाकघरातून कोणाला तरी मध्यस्थीला बोलवावं लागतं.

आजोबा म्हणतात, "अरे, हे बघ. मूळ समीकरणाची मुळं मूळ संख्या आहेत."

मराठी माणसाला यात काही खटकत नाही. पहिलं मूळ म्हणजे अस्सल, सुरुवातीचं. दुसरं म्हणजे समीकरणाचं उत्तर. तिसरं म्हणजे दोन, तीन, पाच, सात वगैरे एकलकोंड्या संख्या. नातू मात्र सावधपणे विचारतो, "आबा, अभाज्य म्हणायचं आहे का तुम्हाला?"

"अभाज्य कशी? सातला सातानं भाग जातो की!"

"जातो. तरी अभाज्य."

"आणि सात भागिले सात लिहिलं, तर वरच्या साताला तुमच्या हिंदीत काय म्हणतात?"

"भाज्य."

"म्हणजे अभाज्य सात हा भाज्य आहे."

नातू वहीकडे बघत राहतो. त्याच्या पुस्तकात आठ, नऊ, दहा या संख्याही 'भाज्य'च आहेत, आणि भागाकाराच्या घरात बसलेली कुठलीही संख्याही 'भाज्य'. तेव्हा हिंदीला नावं ठेवून आजोबा निवांत होतात. पण त्यांच्या मराठीत 'भागाकार' ही क्रिया आहे आणि त्या क्रियेचं उत्तरही भागाकारच. भागाकार केला की भागाकार येतो. हिंदीनं निदान उत्तराला 'भागफल' असं वेगळं नाव दिलंय. हे नातवाच्या लक्षात येतं, पण घरातले संस्कार चांगले असल्यामुळे तो बोलत नाही.

सर्वांत नाट्यमय प्रकरण कर्णाचं. काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू तो कर्ण. मराठीत चौकोनाचे समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेघही कर्णच. हिंदीनं इथे हात सैल सोडून दोघांना वेगळी नावं दिली: त्रिकोणाचा कर्ण, चौकोनाचा विकर्ण. आता महाभारतात विकर्ण हा धृतराष्ट्राचा मुलगा, भर द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूनं बोललेला कौरवांतला एकटा सरळ माणूस. तो चौकोनात तिरका पडलाय. बरं, हिंदीच्या पद्धतीप्रमाणे एक आयत घ्या, त्याचा विकर्ण काढा आणि कात्रीनं त्याच रेघेवर कापा. हातात दोन काटकोन त्रिकोण येतात आणि मघाचा विकर्ण आता कर्ण झालेला असतो. रेघ तीच, लांबी तीच, पण कात्री फिरली आणि कौरवाचा कौंतेय झाला. मराठीत या सगळ्याला एकच कर्ण पुरतो. मला विचाराल तर इथे मराठी बरोबर आहे, हे मी पक्षपातानं म्हणतोय तरीही.

किरकोळ अपघात तर रोजचेच. हिंदीत 'वृत्त' म्हणजे वर्तुळ. 'वृत्त का क्षेत्रफल ज्ञात कीजिए' हे वाचून, आयुष्यभर वर्तमानपत्रात काम केलेले एक पाहुणे आपुलकीनं म्हणाले की, ते कॉलम सेंटीमीटरमध्ये मोजतात. पुण्याहून आलेल्या आत्यानं 'किती अंक मिळाले?' हा प्रश्न ऐकला आणि दिवाळीला अजून अवकाश आहे असं सांगितलं. 'पूर्णांक' तर दोन्ही भाषांत शून्य, एक, उणे एक वगैरेंच्या कुटुंबाचं नाव. पण हिंदी प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर 'पूर्णांक : १००' असंही छापलेलं असतं, म्हणजे पेपर शंभर गुणांचा. याच पेपरात पुढे 'पूर्णांक किसे कहते हैं' असा प्रश्न आला, तर 'ऊपर देखिए' हे उत्तर चुकीचं कसं ठरवणार?

हे सगळं झालं कसं, याची हकीकत निम्मी रायपूरची आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे दोन भाषांचं एकच राज्य होतं, राजधानी नागपूर. १९४६ पासून त्याचे पंतप्रधान, आणि पुढे मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री, पंडित रविशंकर शुक्ल. हे रायपूरचे वकील. इथलं विद्यापीठ त्यांच्याच नावाचं. इंग्रजी जाणार म्हटल्यावर तिच्या जागी बसायला शब्द हवे होते आणि त्या काळी नागपुरात डॉ. रघुवीर नावाचे गृहस्थ संस्कृत धातूंना उपसर्ग-प्रत्यय लावून शब्दांचे ढीगच्या ढीग घडवत होते. शुक्लांच्या सरकारनं त्यांना पाठबळ दिलं. हिंदीला आणि मराठीला एकाच संस्कृत साच्यातले शब्द, अशी ती दृष्टी. मग १ नोव्हेंबर १९५६ आला. विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. १९६१ मध्ये दिल्लीत वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग बसला, महाराष्ट्रानं आपले परिभाषाकोश काढले, आणि घरवाटणीत जसं पितळी पातेलं एका भावाकडं आणि त्याचं झाकण दुसऱ्याकडं जातं तसं शब्दांचं झालं. 'समुच्चय' इकडे राहिला, 'संच' तिकडे गेला. 'सारणिक' इकडे, 'निश्चयक' तिकडे. 'अवकलन' इकडे, 'विकलन' तिकडे. पुढे छत्तीसगढही १ नोव्हेंबरलाच जन्मला, २००० साली; इथल्या राज्यांचा वाढदिवस चुकत नाही. पण तोवर गणिताचे शब्द वाटून झाले होते.

तरी लसावि-मसाविच्या बाबतीत दोन्ही घरांत सारखाच गोंधळ आहे, ही एकात्मतेची गोष्ट म्हटली पाहिजे. मराठीतल्या लसावितला 'वि' म्हणजे विभाज्य आणि मसावितला 'वि' म्हणजे विभाजक. एकाच अक्षरात खाणारा आणि खाल्ला जाणारा दोघं राहतात. हिंदीत ल.स.प. आणि म.स.प.; त्यातला 'प' एकदा समापवर्त्य आणि एकदा समापवर्तक. म्हणजे संक्षेप करताना दोन्हीकडच्या विद्वानांनी नेमकं तेच अक्षर ठेवलं, ज्यावरून काही कळत नाही. त्यावर कळस म्हणजे १२ आणि १८ यांचा लघुतम तो ३६, आणि महत्तम तो ६. लघुतम मोठा, महत्तम लहान! पोरं बिचारी आठवणीनं लघुतमला लहान उत्तर लिहून येतात आणि मार खातात. खरं तर 'सामाईक विभाज्यांतला सगळ्यात लहान' हे नीट समजावून घेतलं तर काही अडचण नाही. पण शाळेत मोठ्यानं म्हटलं जातं ते 'लसावि', आणि लसावि हा शब्द एखाद्या तालुक्याच्या ठिकाणासारखा वाटतो. त्यात अर्थ शोधावा असं कोणाच्या मनात येत नाही.

देवनागरी लिपीनंही आपला हातभार लावलाय. धन म्हणजे शून्याहून मोठं. घन म्हणजे एखादी संख्या तीनदा घेऊन केलेला गुणाकार. दोघांत फक्त डोक्यावरच्या एका गाठीचा फरक, आणि झेरॉक्सच्या दुकानात ती गाठ सुटते. उणे आठ ही घन आहे पण धन नाही, हे विधान शंभर टक्के खरं आहे आणि तिसऱ्या झेरॉक्सनंतर ते वेडगळ होतं.

आता मोजण्याकडे या. इथली बाजारातली म्हातारी 'एक कोरी' म्हणते तेव्हा तिला वीस नग म्हणायचे असतात. महाराष्ट्रातून नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनेला कोरी म्हणजे पाटी, वही, फार तर साडी. खंडी दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे विसाचीच आहे. फक्त इथे वीस काठा धान म्हणजे खंडी, तिकडे वीस मण. पोती बघून ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. वरच्या पायऱ्यांवर तर पाय घसरतोच. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, सन ११५० मध्ये, कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व अशी दहादहापट चढण आहे. मराठीनं ती बऱ्यापैकी राखली. हिंदीत अर्बुदाचा अरब झाला आणि चढताना एक पायरी वर गेला, म्हणजे अब्जाच्या जागी जाऊन बसला. खर्वाचा खरब झाला तोही एक पायरी वर. परिणामी मराठीतला एक खर्व रुपया हिंदीच्या हद्दीत खरब होऊन गेला तर दसपट होतो. एवढा परतावा अजून कुठल्या म्युच्युअल फंडानं दिलेला नाही. राहता राहिली कोटी: ती एकावर सात शून्यं, कोटिज्या म्हणून भूमितीत, आणि मराठीत शब्दावर केलेला विनोदही. पहिल्या अर्थानं कोटी करणारे रायपुरात स्टील आणि सिमेंटवाले. तिसऱ्या अर्थानं करणारे आमच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात.

आपल्या पूर्वजांना हे असं चालत नव्हतं, असा ज्यांचा समज आहे त्यांनी जुन्या पोथ्या न उघडलेल्याच बऱ्या. संस्कृत ज्योतिषी आकडे शब्दांत गुंफत: डोळे म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच. इथवर छान. पण 'लोक' म्हणजे कधी तीन, कधी सात, कधी चौदा. दिशा कधी चार, कधी आठ, कधी दहा. आणि 'पक्ष' म्हणजे दोनही आणि पंधराही. पक्षांची नेमकी संख्या त्या काळीही ठरत नव्हती. आता ती निकालानंतर ठरते. बख्शाली हस्तलिखितात अधिकाचं आजचं चिन्ह आढळतं, पण तिथे त्याचा अर्थ उणे. म्हणजे ते हस्तलिखित आजच्या बँकेच्या हाती लागलं असतं तर सगळी कर्जं ठेवी म्हणून जमा झाली असती. भास्कराचार्य बीजगणितात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत, संक्षेपानं 'या'. दुसरी अज्ञात राशी आली की रंगांची नावं: कालक, नीलक, संक्षेपानं 'का' आणि 'नी'. चाळीसगावजवळ पाटणे इथे त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. त्या मठातल्या खानदेशी पोरांनी पहिल्या दिवशी पाटीवर 'या का नी' बघून काय समजून घेतलं असेल, ते शिलालेखात नाही.

'मग इंग्रजीतून शिका, तिथे सगळं स्वच्छ असतं,' असं आमच्या ओळखीचे एक ट्यूशनवाले सर सांगतात, आणि फीदेखील त्याच हिशेबानं घेतात. इंग्रजीत 'नॉर्मल' या एका शब्दावर किती ओझी आहेत ते बघा. वक्राला काटकोनात असलेली रेघ नॉर्मल, परीक्षेच्या निकालाचा घंटेच्या आकाराचा आलेख नॉर्मल, विशिष्ट प्रकारचा उपगट नॉर्मल, मॅट्रिक्स नॉर्मल, अवकाश नॉर्मल, संख्याही नॉर्मल. यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही, आणि यांतलं काहीच शिकताना नॉर्मल वाटत नाही. शून्य ही नैसर्गिक संख्या आहे का? आमच्या शालेय पुस्तकांत नाही. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या चिन्हांच्या यादीत आहे. फ्रान्समध्ये तर शून्य 'पॉझिटिफ' सुद्धा असतं. टोपॉलॉजीत, म्हणजे संस्थितीत, संच उघडा असतो किंवा बंद असतो. शिवाय दोन्ही असू शकतो आणि दोन्ही नसूही शकतो. परदेशी विद्यार्थ्यांना हे पचायला आठवडा लागतो. बंदच्या दिवशी गोल बाजारातली अर्ध्या शटरची दुकानं पाहिलेल्याला तेवढा लागत नाही.

साइनचं तर विचारूच नका. साइनच्या डोक्यावर बारीक दोन लिहिला, तर उत्तराचा वर्ग करायचा. त्याच जागी बारीक उणे एक लिहिला, तर उत्तर उलटं करून एक-छेद करायचं नाही. साइनची वाट उलट चालत कोनाकडे जायचं. जागा तीच, चिन्हाचा आकार तोच, आणि दोन आकडे दोन वेगळ्या भाषा बोलतात. हे उणे एकचं प्रकरण गणितज्ञ जॉन हर्शेलनं १८१३ मध्ये सुरू केलं, आणि त्याचं म्हणणं त्याच्यापुरतं सुसंगत होतं. त्याच्या हिशेबात डोक्यावरचा दोन म्हणजे साइनचा साइन. जगानं त्याचा उणे एक घेतला आणि दोन घेतला नाही. गाउससारख्या गणितज्ञाला तो दोन तिथे लिहिणं मुळीच पसंत नव्हतं. गाउसचंही कोणी ऐकलं नाही, तिथे बारावीच्या पोरांचं कोण ऐकणार? आणि भागाकाराचं ते दोन टिंबांमधल्या आडव्या रेघेचं चिन्ह: १६५९ मध्ये योहान रान यानं ते भागाकारासाठी छापलं, पण डेन्मार्क-नॉर्वेत ते कित्येक पिढ्या वजाबाकीसाठी वापरलं गेलं.

याच चिन्हानं २०१९ च्या पावसाळ्यात आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे तुकडे केले. ८÷२(२+२) बरोबर किती, असा तो प्रश्न जगभर फिरत आमच्यापर्यंत आला. रायपूर म्हणालं १६. नागपूर म्हणालं १. पुणे म्हणालं, प्रश्नच चुकीचा आहे. न्यू जर्सीच्या भाच्यानं सांगितलं की अमेरिकेत गुणाकार आधी शिकवतात, म्हणून १. त्याच्याच बायकोनं सांगितलं की तसं नाही, डावीकडून उजवीकडे जायचं, म्हणून १६. त्यानंतर त्या घरातून दोन दिवस कोणाचाच मेसेज आला नाही.

पण खरी लढाई 'कंचेभागुबेव'वर झाली. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी: मराठी शाळेत शिकलेल्याच्या हाडात हा मंत्र मुरलेला असतो. त्यातल्या 'चे'कडे कोणी लक्ष देत नाही. बाराचे एक-तृतीयांश म्हणताना जो 'चे' येतो, तो. नागपूरच्या काकांनी तेच अस्त्र काढलं. कंसाला दोन चिकटून बसलाय, मध्ये गुणिले नाही, तेव्हा हा गुणाकार नसून 'चे' आहे. आणि 'चे' भागाकाराच्या आधी येतं. म्हणून आठ भागिले आठ, एक. मला हा युक्तिवाद देखणा वाटला. रायपूरच्या बाजूनं विचारणा झाली की 'दोनचे चार' असं माणूस कधी म्हणतो का. त्यावर काकांनी 'ब्लड प्रेशर वाढतंय' असं कळवलं. कोणीतरी कॅल्क्युलेटरचा फोटो टाकला, तेव्हा असं निघालं की कॅल्क्युलेटरही दोन पक्षांचे आहेत: काही मॉडेलं १ दाखवतात, काही १६. त्या ऑगस्टमध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये यावर लिहिलं, पण गणिताचा प्राध्यापक आमच्या काकांपुढे कोण? गणितज्ञ मंडळी स्वतः ते चिन्ह वापरतच नाहीत, आडवी रेघ मारून वर-खाली लिहितात. म्हणजे ज्या धंद्याचं चिन्ह, त्या धंद्यातली माणसं त्याला हात लावत नाहीत आणि बाकीचे त्यावरून नाती तोडतात.

या सगळ्यात हिंदीतल्या ज्या एका शब्दाचा मी मनापासून आदर करतो तो म्हणजे 'कल'. काल आणि उद्या, दोन्ही कल. परवा, मागचा आणि पुढचा, दोन्ही परसों. हे शुद्ध केवल मूल्य आहे: अंतर किती ते सांगायचं, चिन्ह झाकून ठेवायचं. महाराष्ट्रात हा धडा नववीत येतो आणि निम्म्या पोरांना कळत नाही. इथे तो दूधवाल्यापासून सगळ्यांना तोंडपाठ आहे. नियम असा की अशा समीकरणाला दोन उत्तरं निघतात, एक धन आणि एक ऋण, आणि व्यवहारातल्या उदाहरणात ऋण उत्तर 'अस्वीकार्य' असं लिहून सोडून द्यायचं.

गेल्या उन्हाळ्यात घरातला कूलर बंद पडला. रायपूरचा मे महिना, पारा पंचेचाळिसाजवळ. मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "भैया, कल." आम्ही पाठ्यपुस्तकाप्रमाणे धन उत्तर घेऊन दुसऱ्या दिवशी घरात थांबलो, सुट्टी टाकून. तो फिरकला नाही. संध्याकाळी पुन्हा फोन लावला, तर म्हणाला, "अरे भैया, वही तो बोला था. कल आया था मैं, ताला लगा था."